सातव्याच्या आधी आठवं

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वरच्या अंगाला एक काळा ठिपका उमटला आणि गेला, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या धाकट्याचा उजवा पाय आपोआप फरशीवर पुढं सरकला. पडदा कसला, भिंतीवर टांगलेला टीव्ही. जुना परदेशी सिनेमा लागला होता. रोमन शिपाई, रथ, गुडघ्यापर्यंत झगे घातलेले गुलाम, आणि आवाज इतका बारीक की काउंटरवरची मुलगी नंबर पुकारायला लागली की अख्खं रोम गप्प बसायचं. बाकावरच्या दहाबारा पेशंटांपैकी कुणाला तो ठिपका दिसला असेल म्हणाल, तर नाव नको. अर्ध्यांच्या डोळ्यांत थेंब, उरलेले मोबाइलमध्ये. पहिल्या ठिपक्यानंतर सात सेकंद. धाकट्यानं ते मोजले नाहीत, ते त्याच्या अंगात मुरलेले होते. दुसरा ठिपका आला, त्याचा पाय खाली दाबला गेला, आणि नेमक्या त्याच क्षणी बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी खणखणीत म्हणालं, "चेंज!"

दोनचार माना वळल्या आणि परत जागेवर गेल्या. धाकट्याची वळली ती तिथंच राहिली. तिकडे एक म्हातारा बसला होता. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, उजवा डोळा थेंब घालून घट्ट मिटलेला, मांडीवर घडी केलेली काठी. म्हणजे ठिपका त्याला दिसायचा प्रश्नच नव्हता. त्यानं तो कानानं ओळखला होता, तुताऱ्या थांबतात आणि पाण्याचा आवाज सुरू होतो त्या सांध्यावर. आंधळ्यासारखं बसून सिनेमाचा सांधा कानानं पकडणारा माणूस धाकट्यानं उभ्या जन्मात एकच पाहिला होता. अडतीस वर्षं ज्या माणसाची सावली दिसली तरी त्यानं गल्ली बदलली होती, तो माणूस तीन हातांवर बसला होता, आणि बरं का, त्याला धाकटा दिसत नव्हता.

धाकटा म्हणजे धाकटा ऑपरेटर. साठी कधीच मागं टाकलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला कुणी धाकटा म्हणावं का? पण थिएटरच्या केबिनमध्ये दोन मशिनं होती आणि दोन माणसं होती. एकाला सगळे थोरले म्हणायचे, मग दुसरा आपोआप धाकटा झाला. नात्याचे नव्हेत, पण डबा एकत्र खायचे, शिव्या एकत्र खायचे, आणि धाकट्याच्या लग्नात थोरले असे काही मिरवले होते की बायकोच्या माहेरच्यांनी त्यांनाच भाऊ धरलं. सिनेमाची रिळं वीसवीस मिनिटांची. पहिलं, तिसरं, पाचवं, सातवं, नववं धाकट्याच्या मशीनवर. दुसरं, चौथं, सहावं, आठवं थोरल्यांच्या. एक रीळ संपत आलं की कोपऱ्यात ठिपका. पहिल्या ठिपक्याला दुसरी मोटर सुरू, दुसऱ्याला 'चेंज' म्हणत पाय दाबायचा, की हे मशीन मिटलं आणि ते उघडलं. खाली बसलेल्या आठशे लोकांना काही कळायचं नाही. कळू नये हीच तर सगळी नोकरी. भिंतीतल्या वीतभर खिडकीतून धाकट्यानं आयुष्यभर सिनेमे पाहिले आणि त्याला विचाराल तर एकाचीही गोष्ट त्याला धड सांगता यायची नाही. ठिपके मात्र विचारा.

हा सिनेमा तेवढा अपवाद. हा तो विसरूच शकला नव्हता. एक तलवारबाज गुलाम, ज्याला लोकांच्या करमणुकीसाठी आखाड्यात लढवतात. त्याला लहानपणी नदीतून वाचवणारा म्हातारा नावाडी. नावाडी नव्या देवाला मानणारा, बादशहाच्या माणसांपासून लपणाऱ्या बायापोरांना नदीपार सोडणारा. सातव्या रिळात तो सकाळच्या वेळी होडी काठावर ओढतो, पाव मोडून सगळ्यांना वाटतो, कान खाजवतो आणि हसतो. शेवटी शिपाई येतात आणि त्याला धरून नेतात. आठव्या रिळात त्याला सिंहापुढं टाकतात. अकरा आठवडे चालला सिनेमा, दिवसाला तीन खेळ. भाषा कुणाला कळत नव्हती, पण सिंहाचं दार वर सरकायला लागलं की थिएटरात श्वास ऐकू यायचा नाही. टीव्हीवर आता नदी आली होती. सातवं रीळ. या खेपेला बरोबर सातवंच लागलं, धाकट्याच्या मनात आलं, आणि त्याला हसू यायच्या आत घाम आला.

कारण त्या दुपारी सातवं लागलं नव्हतं. सकाळीच बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. तिला दवाखान्यात पोचवून, सासूच्या हवाली करून, धाकटा दुपारच्या खेळाला धावत आला होता. सुट्टी मागायची सोय नव्हती. मालक त्या दिवशी आपल्या व्याह्यांना घेऊन सिनेमाला येणार होते. धाकट्याचे हात कामावर आणि कान दवाखान्यात. सहावं रीळ थोरल्यांच्या मशीनवर चालू होतं. धाकट्यानं फळीवरचा डबा उचलला, रीळ चढवलं, फिल्म दातेरी चाकांतून ओढली, दिव्यातल्या कार्बनच्या काड्या जुळवल्या, ठिपका आला, पाय दाबला. मग पाच मिनिटांनी सहज खिडकीतून खाली पाहिलं तर सिंह. नदी नाही, पाव नाही, शिपाई नाहीत. सरळ आखाडा, दार वर सरकतंय, आणि म्हातारा वाळूवर एकटा उभा. त्यानं सातव्याच्या जागी आठवं चढवलं होतं. आठवतंय त्याला, हातपाय असे गळाले की तो मशीनला धरून उभा राहिला, आणि मशीन तापलेलं होतं. तळव्यावरचा डाग अजून आहे. थोरल्यांना सांगावं म्हणून त्यानं मागं पाहिलं, तर थोरले पाठमोरे, आपल्या मशीनवर पुढचं रीळ चढवत होते. त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आठवं संपलं, म्हातारा मेला, आणि ठिपक्याबरोबर नदी आली. सकाळ, होडी, आणि सिंहानं खाल्लेला तोच म्हातारा पाव मोडतोय, कान खाजवतोय, हसतोय. थिएटर आधी चूप झालं. मग कुठूनतरी एक टाळी आली, आणि मग जे झालं ते काय सांगावं! लोक उठून उभे राहिले. खालच्या वर्गात शिट्ट्या, वरच्या वर्गात बायका डोळे पुसताहेत. देवानं म्हाताऱ्याला उठवलं, एवढं सगळ्यांना भाषेवाचून कळलं होतं. कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मालकांच्या व्याह्यांची. त्यांनी तो सिनेमा दुसऱ्या शहरात आधीच पाहिलेला, आणि खेळ संपल्यावर त्यांनी मालकांना चारचौघांत विचारलं, "तुमच्याकडे मेलेले परत येतात वाटतं?" मालक दोनदोन पायऱ्या चढून केबिनमध्ये आले. चेहरा लालबुंद. "कोणाचा पराक्रम हा?" धाकट्यानं तोंड उघडलं, खरंच उघडलं, पण डोळ्यापुढं बायको आली, कळा आल्या, जन्मालाही न आलेलं पोर आलं, आणि ते तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात थोरले म्हणाले, "माझी चूक. मी चढवलं." झालं. संध्याकाळच्या खेळाला थोरले नव्हते. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धाकट्याला मुलगी झाली.

ती मुलगी आता अडतीस वर्षांची आहे, त्यामुळं वर्षं मोजायचा त्रास धाकट्याला कधी पडला नाही. दर वाढदिवसाला पोरगी एक वर्षानं मोठी व्हायची आणि ती दुपारही एक वर्षानं मोठी व्हायची. पहिल्या महिन्यात तो थोरल्यांच्या घरी जाणार होता, मग दुसऱ्या महिन्यात, मग काय तोंडानं जायचं म्हणून गेलाच नाही. बायको सुरुवातीला विचारायची, "थोरले भाऊजी पोरीला बघायलाही आले नाहीत, काही झालं का?" तो म्हणायचा, "त्यांना बरी नोकरी लागली, गुंतलेत." एकदा बाजारात थोरले समोरून आले, हात वर करून हाक मारणार तोच हा भल्या मोठ्या भांड्यांच्या दुकानात शिरला आणि बाहेर येताना, शोभा नको म्हणून, एक कढई विकत घेऊन आला. ती कढई घरात कुणीच वापरली नाही, फार जड. बायको म्हणायची, कुठल्या मुहूर्तावर आणलीत कोण जाणे. त्याला ठाऊक होतं.

नावाडी टीव्हीवर होडी ओढत होता. हे रीळ अठरा मिनिटांचं, शेवटचं दीड मिनिट शिपायांचं. धाकट्यानं मनाशी ठरवलं, आठवं लागायच्या आत काय ते करायचं. एकतर सरकत जाऊन बोलायचं, नाहीतर गुपचूप उठायचं आणि नंबर उद्याचा घ्यायचा. उठणं सोपं होतं. म्हाताऱ्याला दिसत नाही, कुणाला कळणार नाही, अडतीस वर्षं जमलं ते आणखी काही वर्षं जमून जाईल, तेवढी राहिलीत कुठं. तो उठलाही. दोन पावलं दाराकडं गेला. मग त्याच्या मनात आलं, यांचा डोळा आज उघडेल, उद्या हे पुन्हा रस्त्यात समोर येतील, आणि मग पुन्हा गल्ल्या बदलायच्या? या गुडघ्यांनी? त्याला स्वतःचा असा काही राग आला की तो तसाच मागं वळला आणि थोरल्यांच्या शेजारी धपकन बसला. बाक कुरकुरलं.

"सावकाश," थोरले डोळे मिटूनच म्हणाले. "बाक सरकारी नाही."

धाकट्यानं विचारलं, "एकटेच आलात?"

"सूनबाई खाली औषधं आणायला गेलीय. अर्धा तास झाला. औषधं बनवून आणते की काय कोण जाणे." नाक वर करून त्यांनी वास घेतल्यासारखं केलं. "तुम्ही कोण?"

आता. धाकट्याला वाटलं नाव सांगावं, पण जे बाहेर आलं ते भलतंच होतं. "सातवं मी चढवायचं होतं," तो म्हणाला. "मी आठवं चढवलं. चूक माझी होती. त्या दिवशी मालकांपुढं मी बोलायला पाहिजे होतं. मी बोललो नाही. तुमची नोकरी माझ्यामुळं गेली, थोरले."

एका दमात सांगून झालं आणि त्याच्या कानात भणभणायला लागलं. काउंटरवरच्या मुलीनं कुठलातरी नंबर पुकारला. थोरल्यांनी काठी मांडीवरून काढून बाजूला ठेवली, हात पुढं केला, धाकट्याचं मनगट चाचपलं, तळवा उलटा केला आणि अंगठ्यानं तो जुना डाग शोधून काढला.

"धाकट्या! लेका, तू?" ते इतक्या जोरात म्हणाले की मोबाइलवाल्यांनीसुद्धा माना वर केल्या. "अरे कुठं होतास तू? मला वाटलं मेलास!"

"तसंच म्हणायचं."

"बाजारात त्या दिवशी हाक मारत होतो, तर भांड्यांच्या दुकानात पळालास. काय घेतलंस तरी?"

"कढई."

थोरले हसायला लागले. हसता हसता पट्टीला हात लावला, डॉक्टरांनी हसू नको सांगितलंय म्हणाले, आणि पुन्हा हसले. धाकट्याला हसता येईना. त्यानं हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "चेष्टा नको, थोरले. मी काय सांगतोय ते ऐकलंत का? चूक माझी."

"ऐकलं. तुझ्या मशीनवर काय चढायचं?"

"काय?"

"अरे, रिळं कोणती? तुझ्याकडं?"

"एक, तीन, पाच, सात, नऊ."

"आणि माझ्याकडं?"

"दोन, चार, सहा, आठ."

"मग तू आठवं चढवलंस. बरं. सहावं संपवून मी फळीकडं गेलो माझा आठवा डबा घ्यायला. मला काय मिळालं?"

धाकट्यानं तोंड उघडलं आणि ते पुन्हा उघडंच राहिलं. अडतीस वर्षं त्यानं ती दुपार उलटून पालटून पाहिली होती, झोपेत पाहिली होती, जेवताना पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी त्याला दिसायचे ते स्वतःचे हात, स्वतःचा पाय, स्वतःचं गप्प तोंड. फळीसमोर उभे असलेले पाठमोरे थोरले आणि त्यांच्या हातातला डबा त्याला कधी दिसलाच नव्हता. गणित तर पोरासोरांचं होतं. "सातवं," तो म्हणाला.

"सातवं. डब्यावर हा एवढा मोठा आकडा, माझ्याच हातचा. नववं शेजारीच होतं. नववं चढवलं असतं तर काय झालं असतं? एक नदी गेली असती, होडी गेली असती, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. व्याह्यांच्यासुद्धा. तुझी चूक तिथंच मिटली असती. पण मी सातवं चढवलं." थोरल्यांचा आवाज बारीक झाला. "डोळे उघडे ठेवून चढवलं."

"का पण?"

टीव्हीवर पाण्याचा आवाज होता, पाव मोडल्यावर बायकांचं हसणं होतं. "माझे वडील गेले ते आठवतंय तुला? त्याच्या महिनाभर आधी."

"आठवतंय. मी आलो होतो."

"निरोप आला तेव्हा मी केबिनमध्ये होतो. डोअरकीपर वर येऊन सांगून गेला, घरी बोलावलंय, लवकर चला. तू त्या दिवशी सुट्टीवर. दोन्ही मशिनं माझ्यावर. आठवं चालू होतं. मी म्हटलं, खेळ संपवून जातो. गेलो तेव्हा ते गेलेले होते." त्यांनी कान खाजवला. धाकट्याला एकदम कळलं, हे कान खाजवणं थोरल्यांचं नव्हे, ते थोरल्यांच्या वडिलांचं, आणि टीव्हीवरच्या म्हाताऱ्याचंही. "त्यानंतर रोज तीन वेळा तो म्हातारा सिंहापुढं. रोज तीन वेळा, मी कार्बन जुळवायचा आणि बापाला वाळूवर पाठवायचं. किती दिवस करणार रे माणूस? आणि त्या दुपारी हातात सातवं आलं. आयतं आलं. मी म्हटलं, एक दिवस. एक दिवस उठू दे त्याला." ते हसले. "आणि उठला की नाही? लोकांनी टाळ्या वाजवल्या की नाही? मी खिडकीला नाक लावून पाहत होतो. तू तिकडं मशीनला मिठी मारून रडत होतास, मला वाटलं तुलाही आवडलं."

"मी घाबरून रडत होतो!"

"आता कळलं ते."

धाकट्याला काय होतंय ते त्यालाच समजेना. आधी छातीत काहीतरी सैल झालं, मग खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर ओढलेले होते हेही त्याला आत्ताच कळलं. जीव भांड्यात पडतो म्हणतात तो असा पडतो होय, त्याला वाटलं, आवाज होऊन. त्याच्या मागोमाग लख्ख राग आला. "मग सांगायचं नाही का एकदा? एका शब्दानं? इथं अडतीस वर्षं मी..."

"कुणाला सांगू, कढईला?" थोरले म्हणाले. "दोनदा घरी आलो तुझ्या. एकदा कुलूप होतं, एकदा तू आत होतास आणि वहिनींनी सांगितलं नाहीयेत. तुझ्या चपला दारात होत्या. मी म्हटलं, आपल्यामुळं याला मालकाचा ओरडा बसला असेल, रागावलाय. मग मीही अडून बसलो. मीही काही कमी नाही." मग थोरले म्हणाले, "आणि नोकरी जायचीच होती रे. शिवणयंत्रं दुरुस्त करायला लागलो. दुकान झालं. पोरगा बघतो आता. शिवणयंत्र बरं, सुई मोडली तर आठशे माणसं ओरडत नाहीत."

चपला. त्या संध्याकाळी तो आतल्या खोलीत पोरीला मांडीवर घेऊन, तिनं रडू नये म्हणून तिच्या तोंडाशी बोट धरून बसला होता. बाहेर बायको सांगत होती, नाहीयेत. त्यानंच तसं सांगायला लावलं होतं, आणि तेव्हापासून तिनं थोरल्यांबद्दल विचारणं सोडलं होतं. किती थोडक्यात हुकलं होतं सगळं. एक पडदा बाजूला करायचा होता. त्याला त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं, पण ते वाईट वाटणंसुद्धा वेगळं होतं. हे दोघांत वाटून घेता येण्यासारखं होतं. "पोरगी अडतीस वर्षांची झाली," तो म्हणाला. "तुम्ही बघितली नाहीत."

"मग दाखव की. डोळा नवा केलाय, काय बघायचं त्या विचारात होतोच."

टीव्हीवर शिपायांच्या घोड्यांच्या टापा वाजायला लागल्या. शेवटचं दीड मिनिट. म्हाताऱ्याला धरलं, हात बांधले, होडी रिकामी डोलत राहिली. कोपऱ्यात ठिपका आला, गेला. सात सेकंद. दुसरा ठिपका आला आणि शेजारी, डोळे मिटलेल्या थोरल्यांचा पाय फरशीवर अलगद दाबला गेला. त्यांचं मशीन. आठवं.

गर्दीचा कल्लोळ सुरू झाला. दवाखान्यातल्या त्या बारीक आवाजातसुद्धा तो ओळखू येत होता. थोरल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. हात काठी शोधायला लागला. "धाकट्या," ते म्हणाले, "मला दिसत नाही. काय चाललंय?"

धाकट्यानं पाहिलं. आखाडा होता. वाळू होती. म्हातारा एकटा उभा होता आणि लोखंडी दार वर सरकायला लागलं होतं.

"सकाळ आहे," तो म्हणाला. "नदी आहे. म्हातारा होडी ओढतोय काठावर."

सिंहाची डरकाळी आली. समोरची एक बाई दचकली.

"आणि हा आवाज कसला?" थोरल्यांनी विचारलं.

"शेजारच्या थिएटरातला. त्यांच्याकडं काहीतरी मारामारीचं लागलंय. तुम्ही इकडं लक्ष द्या. आता बसला तो. पाव काढलाय. मोडला. पहिला तुकडा पोराला दिला, त्या तलवारवाल्याला. कान खाजवतोय."

"हसला का?"

"हसतोय की. चांगला पोटभर हसतोय."

थोरल्यांनी मान मागं भिंतीला टेकली. मिटलेल्या डोळ्यातून थेंब आला, औषधाचा की कसला. काउंटरवरच्या मुलीनं धाकट्याचा नंबर पुकारला, मग पुन्हा पुकारला. तो उठला नाही. थोरल्यांनी चाचपत त्याचा हात धरला.

"चालू दे," ते म्हणाले. "फोकस तेवढा सांभाळ."